संस्थेसारखंच की

वाटणीच्या कामासाठी 1954-55 च्या खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल हवी होती, म्हणून तहसीलमध्ये गेले होते. अभिलेख कक्षाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना आरक्षणासाठी कुणबी दाखला देण्याचा, शासन निर्णय निघाला आणि तेव्हापासून आमच्याकडे घरोघरचं कुणी ना कुणी जुन्या कागदांत आपला पणजोबा शोधतंय. आत कारकून एकेक रुमाल सोडत होता. मळकट लाल कापडाची गाठ सुटली की जुन्या कागदाचा तो तुरट, नाकात बसणारा वास बाहेरपर्यंत येई. कडा खाल्लेली पानं, जांभळी पडलेली शाई, आणि उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या उर्दू ओळी. एक म्हातारे गृहस्थ, बहुतेक जुने निवृत्त मुन्शी, चष्मा कपाळावर चढवून लोकांना त्या वाचून दाखवत होते. त्यांच्या बोटाखाली एखादं ओळखीचं गाव निघालं की भोवतीची माणसं एकदम पुढे झुकत.

माझ्या शेजारी तिशी ओलांडलेला एक मुलगा प्लास्टिकचं फोल्डर मांडीवर घेऊन बसला होता. मी शिक्षिका होते हे कळल्यावर मोकळा झाला. 2019 च्या एका भरतीत एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाच्या, प्रवर्गातून त्याचं नाव निवड यादीत आलं होतं. कागदपत्रांची पडताळणी झाली होती, घरी पेढे वाटून झाले होते. मग 9 सप्टेंबर 2020 ची स्थगिती आली आणि 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो आरक्षणाचा कायदाच रद्द केला. पुढे सरकारने अधिसंख्य, म्हणजे जादाची, पदं काढून काहींना सामावून घेतलं, हा त्यात बसला नाही. निकाल त्याने मोबाईलवर इंग्रजीतून वाचला होता. पन्नास टक्क्यांची मर्यादा, असाधारण परिस्थिती, मराठ्यांना मागास ठरवणाऱ्या गायकवाड आयोगाची आकडेवारी, सगळं त्याच्या जिभेवर होतं. आवाजात राग नव्हता. खूपदा सांगून झालेली गोष्ट माणूस जशी सांगतो, तसा सांगत होता. आणि मधेच थांबून त्याने विचारलं, "मॅडम, ते पाच जण तिथं गेले कसे? म्हंजे त्यांची काही परीक्षा असती का?"

मी म्हटलं, परीक्षा नसते. सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालोखालचे चार ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावं ठरवतात, सरकारकडे पाठवतात आणि राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक निघते. त्याने फोल्डरचं रबर बोटाला गुंडाळत थोडा विचार केला. "म्हंजे संस्थेसारखंच की," तो म्हणाला, "संचालकच संचालक घेतेत." तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो उठून गेला.

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मराठवाड्यात 'संस्था' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. शाळा, ज्युनियर कॉलेज, डी.एड., बी.एड., एका पाटीखाली सगळं. संचालक मंडळात वडील, मग मुलगा, मग सून. जाहिरात निघते, मुलाखतीला लांबलांबून पोरं येतात, इस्त्रीचे शर्ट घालून बाकांवर बसतात, आणि निम्म्यांना येतानाच ठाऊक असतं की नाव आधीच ठरलंय. मी अशाच एका संस्थेत आयुष्यभर शिकवलं. त्या बाकांवरच्या पोरांचे चेहरे मला माहीत आहेत. म्हणून त्याचं बोलणं मला लागलं. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाकडे पाहताना आमच्या पोराला आठवावी तर संस्था आठवावी, हे मला सोसेना. आणि तो अगदीच चूक बोलला असंही म्हणता येईना.

मला ते इतकं का लागलं, याचं मूळ अण्णांपाशी आहे. माझे वडील वकील. त्यांचं बालपण मोमिनाबादेत, म्हणजे आताच्या अंबाजोगाईत गेलं. कायदा शिकले ते हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात, उर्दूतून. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी कलम नव्हतं, दफा होती. तारखेला ते पेशीच म्हणत. निजामाच्या राज्यात हायकोर्ट होतं, वकील होते, अपिलं होती, हे ते आवर्जून सांगत. बाहेरच्यांना वाटतं तसं ते जंगलराज नव्हतं म्हणत. पण फर्मान निघालं की विषय संपला. फर्मानाच्या वर कुणी नव्हतं. गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकाप्रमाणे साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे, आणि ही गश्तीच चूक आहे असं म्हणायला कोणत्याही न्यायालयाचा दरवाजा नव्हता. अण्णांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या गावात ते तसं होतं.

त्यामुळे 26 जानेवारी 1950 चा अर्थ आमच्या घरात थोडा निराळा होता. अण्णा कलम 13 आणि कलम 32 बद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल, असं तेराव्या कलमात लिहिलंय. आणि बत्तिसाव्यात लिहिलंय की त्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल, हाही एक हक्कच आहे. "फर्मानाला आता पिंजऱ्यात उभं करता येतं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. न्यायालय स्वतःहून एखादा कायदा उघडून त्याची तपासणी करायला बसत नाही, बहुधा कुणीतरी जाऊन दार वाजवावं लागतं. राज्याच्या कायद्याविरुद्ध बहुतेक वेळा आधी कलम 226 खाली उच्च न्यायालयात. मग प्रश्न साधेच विचारले जातात. हा कायदा करायचा अधिकार या विधिमंडळाला होता का? याने कुणाच्या मूलभूत हक्काला धक्का लागतो का? घटनेचा अर्थ लावण्याचा मोठा मुद्दा असेल तर किमान पाच न्यायाधीश बसतात. त्या मुलाच्या आयुष्यातले 'ते पाच जण' हे या नियमातून आलेले.

पण अण्णांच्या गोष्टीत एक गाठ होती, आणि ती त्यांनाही पूर्ण सोडवता आली नाही. 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववं परिशिष्ट आलं. जमीनदारी मोडणारे कायदे न्यायालयात अडकायला लागले होते, म्हणून ठरलं की या यादीत टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या नावाने कुणी पाडू शकणार नाही. पहिल्या यादीत 13 कायदे होते. त्यातले शेवटचे दोन आमचे, हैदराबादचे. 1358 फसलीचा जहागिरी नष्ट करणारा आणि 1359 फसलीचा जहागिरींच्या मोबदल्याचा (फसली म्हणजे तिकडचं जुनं सरकारी साल). म्हणजे ज्या अण्णांना कायदा न्यायालयासमोर उभा करता येतो याचा एवढा आनंद, त्यांच्याच मुलखातला सर्वांत न्याय्य म्हणावा असा कायदा न्यायालयापासून लांब ठेवून वाचवावा लागला. जहागिरी गेल्या त्या गावांत पुढे कुळांच्या पोरांनी शाळा पाहिली, ती माझ्या वर्गात बसली. मी कुणाच्या बाजूची, असं मला कुणी विचारलं तर मी दोन्हीकडे पाहत राहते. पुढे त्या यादीत 284 कायदे जमले, आणि त्यातल्या सगळ्यांना जमिनीच्या न्यायाचं कारण नव्हतं. 2007 मध्ये नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर यादीत घातलेला कायदाही तपासता येईल.

ही तारीख नीट सांगायला हवी, कारण कायदा तपासणं आणि न्यायाधीश निवडणं या दोन गोष्टी एकमेकींत किती अडकल्या आहेत ते तिथे दिसतं. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायाधीश, 68 दिवसांची सुनावणी. संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही, असं सात जणांनी म्हटलं. सहा जण दुसरीकडे होते. सात आणि सहा. एक माणूस इकडचा तिकडे असता तर आज घटना कोणत्या रूपात उरली असती कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. ते तिघेही सरकारच्या विरोधात गेलेल्या बाजूचे होते. रे सरकारच्या बाजूचे. तिघांनी राजीनामे दिले. मी तेव्हा लहान होते, पण अण्णा त्या दिवशी कोर्टात न जाता वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसून राहिले होते, हे मला आठवतं. आईने दोनदा चहा विचारला, त्यांनी ऐकलाच नाही.

निकाल बदलता येत नसेल तर निकाल देणारे बदलावेत, हे सरकारला तेव्हा उमगलं होतं.

आणीबाणीत ते पुन्हा दिसलं. 28 एप्रिल 1976 ला पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की अटकेतल्या माणसाला या काळात न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी मत लिहिलं. 1977 च्या जानेवारीत त्यांची सरन्यायाधीश होण्याची पाळी होती. त्यांना डावललं गेलं आणि त्यांनीही राजीनामा दिला. आमच्या गावातून त्या काळात तुरुंगात गेलेल्यांच्या बायका अण्णांकडे येत. बैठकीत पदर डोक्यावर घेऊन बसत, आणि अण्णा काय सांगणार? त्यांच्याकडे सांगण्यासारखं एकच विरोधी मत होतं.

म्हणून न्यायाधीशांनी न्यायाधीश निवडावेत ही व्यवस्था कुणाच्या हावेतून आली असं मला वाटत नाही. ती धसक्यातून आली. 1981 मध्ये न्यायालयाने नेमणुकीत सरकारचा शब्द वरचा मानला होता. 1993 मध्ये नऊ न्यायाधीशांनी ते उलटवलं आणि 1998 मध्ये सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठ अशी घडी बसली. वर्तमानपत्रं तिला न्यायवृंद म्हणतात, बोलताना सगळे कॉलेजियमच म्हणतात. घटनेत ही पाच जणांची समिती कुठे लिहिलेली नाही. 2014 मध्ये संसदेने 99 वी घटनादुरुस्ती करून तिच्या जागी आयोग आणला. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती, आणि कोणत्याही दोघांनी विरोध केला तर नाव अडेल अशी तरतूद. 16 ऑक्टोबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती चार विरुद्ध एक मताने रद्द केली. न्यायाधीश कसे निवडायचे हा कायदासुद्धा न्यायाधीशांनीच तपासला आणि नाकारला. व्हरांड्यातल्या त्या मुलाला मी हे सांगितलं असतं तर त्याने माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला स्पष्ट दिसतं. तरीही तो निकाल योग्यच होता असं मला वाटतं. शासन हा या देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे, आणि 1973 पाहिलेल्या घरातली मी आहे. पण त्या पाचांतले एकटे पडलेले न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी जे लिहिलं, की या निवडीत पारदर्शकता नाही, तेही मला खरंच वाटतं. पुढच्या वर्षी ते स्वतः न्यायवृंदात असताना चर्चेची नोंद ठेवली जात नाही म्हणून बैठकींना जायचे थांबले.

बाबासाहेबांनी हे आधीच पाहिलं होतं. 24 मे 1949 ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या कलमावर बोलताना ते म्हणाले की सरन्यायाधीश मोठा माणूस असेल, पण शेवटी माणूसच. तुमच्याआमच्यात असतात ते दोष, त्या भावना, ते पूर्वग्रह त्याच्यातही असणार, म्हणून नेमणुकीवर त्याला नकाराधिकार देणं धोक्याचं आहे. आणि तितकंच ठामपणे त्यांनी हेही सांगितलं की सरकारच्या एकट्याच्या हाती ही गोष्ट देता येणार नाही. दोन्ही धोके एकाच भाषणात. आजवर आपण एकदा या धोक्यात राहून पाहिलं, एकदा त्या.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो कुणाला वाटेल तितका भोळा नाही. पन्नास टक्क्यांची रेघ 1992 मध्ये इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांनी आखली. असाधारण परिस्थितीतच ती ओलांडता येईल असं म्हटलं. 2018 चा महाराष्ट्राचा 16 टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयाने 27 जून 2019 ला शिक्षणात 12 आणि नोकरीत 13 टक्क्यांवर आणून टिकवला. 2021 मध्ये अशोक भूषण, नागेश्वर राव, अब्दुल नझीर, हेमंत गुप्ता आणि रवींद्र भट या पाच जणांना त्यात असाधारण असं काही दिसलं नाही. यातले नागेश्वर राव तर थेट वकिलीतून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. इथवर ठीक. पण 7 नोव्हेंबर 2022 ला दुसऱ्या पाच जणांपुढे आर्थिक दुर्बलांच्या 10 टक्क्यांचा प्रश्न आला, आणि तिघांनी सांगितलं की पन्नासची रेघ या आरक्षणाला आडवी येत नाही. विरोधी मत सरन्यायाधीश लळित आणि पुन्हा तेच रवींद्र भट यांचं. त्या आरक्षणासाठी घटनाच दुरुस्त केली होती, इथे राज्याचा साधा कायदा होता, हा फरक मोठा आहे आणि मी तो मान्य करते. पण बांधावर बसलेल्या माणसाला काय दिसतं? एका वर्षी रेघ भिंत होती, पुढच्या वर्षी तिच्यात दार निघालं. तिघे इकडे, दोघे तिकडे. मग त्याने विचारू नये का की हे पाच कोण, आणि तिथं गेले कसे?

आमच्या भागातून तिथे कुणी जाणं हेच मुळात किती लांबचं होतं. औरंगाबादला खंडपीठ होण्याआधी अण्णांचे पक्षकार मुंबईला जायचे. मीटरगेजने मनमाड, तिथे गाडी बदलायची, पिशवीत भाकरी आणि कागदं एकत्र. पेशी पुढे ढकलली की तोच प्रवास पुन्हा. 27 ऑगस्ट 1981 ला खंडपीठ सुरू झालं, त्यालाही आव्हान दिलं गेलं, आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राखलं. अण्णांनी त्या निकालाची बातमी कापून ठेवली होती. त्याच खंडपीठात वकिली केलेले, सरकारी वकील राहिलेले प्रसन्न वराळे 25 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे बाबासाहेबांचे सहकारी, मिलिंद महाविद्यालयाच्या कामासाठी औरंगाबादेत आलेले. शपथविधीचं प्रक्षेपण मी टीव्हीसमोर उभी राहून पाहिलं. वराळेंच्या नावाची शिफारस करताना न्यायवृंदाने लिहिलं होतं की उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांमध्ये ते अनुसूचित जातीतले सर्वांत ज्येष्ठ आहेत. किती साधं, लिहिलेलं कारण! ते वाचून कुणाला पटेल, कुणाला खटकेल, पण वाचायला काहीतरी आहे.

माझं म्हणणं तिथेच आहे. ऑक्टोबर 2017 पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येतात. काहींत दोन-चार ओळींची कारणं असतात, पुष्कळांत नावांची नुसती यादी. जानेवारी 2023 मध्ये मात्र त्यांनी दार थोडं जास्त उघडलं. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांच्या नावाला सरकारचा आक्षेप होता, की त्यांनी समाजमाध्यमांवर चालू विषयांवर मतं मांडली. न्यायवृंदाने तो आक्षेप आणि त्याला दिलेलं उत्तर दोन्ही छापलं. मत मांडल्याने माणूस अपात्र होत नाही, असं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची नेमणूक झाली. न्यायालय त्यामुळे कुठे लहान झालं नाही. उलट सरकारने नाव का अडवलं होतं ते लोकांना पहिल्यांदा कळलं. नाकारलेल्या माणसाची अब्रू जाईल, म्हणून गुप्तता हवी, असं सांगतात. मला ते पटतं. नाकारलेल्यांची नावं राहू द्यात आत. पण ज्याला घेतलं, त्याला का घेतलं? त्याचे कोणते निकाल पाहिले? ज्येष्ठांना ओलांडलं असेल तर कशासाठी? स्त्रिया एवढ्या कमी का? न्यायालय 1950 मध्ये सुरू झालं आणि पहिली स्त्री, फातिमा बीवी, तिथे पोचायला 1989 उजाडलं. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला हा प्रश्न विचारलाय. मलाही त्याचं लिहिलेलं उत्तर हवंय.

त्या व्हरांड्यात बसलेल्या मुलाचा कुणबी नोंदीचा दावा समजा फेटाळला गेला. तरी त्याला लेखी, सकारण आदेश द्यावा लागतो. नुसतं 'अर्ज नामंजूर' लिहून चालत नाही. कारण नसलेला आदेश वर गेला की उच्च न्यायालय तो परत पाठवतं, आणि अधिकाऱ्याला दोन शब्द सुनावतं. अगदी खालच्या टेबलावरच्या माणसाने कारण लिहिलं पाहिजे, ही सवय या देशाला न्यायालयानेच लावली. त्याचं निवड यादीतलं नाव का गेलं, तेही त्या पाच न्यायाधीशांनी शेकडो पानं लिहून सांगितलं. त्याने ती रात्र-रात्र जागून वाचली. पण त्या पानांखाली सही करणाऱ्या माणसाला का निवडलं, याचं एक पानही त्याने मागितलं तर त्याच्या हाती काय पडेल?

पुन्हा भेटला तर मी त्याला संस्थेबद्दलही सांगेन. कारण त्याची तुलना मी सगळीच्या सगळी मान्य केलेली नाही. तो म्हणेल, वडील सरन्यायाधीश, पुढे मुलगाही सरन्यायाधीश, हे तिथेही झालंय. झालंय. यशवंत चंद्रचूड आणि धनंजय चंद्रचूड. पण 1976 च्या त्या निकालात, आणीबाणीत दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या चौघांत वडील होते. आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठात बसून मुलाने लिहिलं की तो निकाल गंभीर चूक होता. वडिलांचं मत मुलाने जाहीरपणे, कारणं देऊन मोडलं, आणि ते छापून आलं. मी ज्या संस्थेत आयुष्य काढलं तिथे वडिलांनी लावलेली घंटासुद्धा मुलाने बदलली नाही. न्यायालयात खन्ना एकटे पडतात पण त्यांचं मत बहुमताच्या शेजारीच छापलं जातं, चेलमेश्वरांचं छापलं जातं, भट आणि लळित यांचं छापलं जातं. एवढ्या वर्षांत आमच्या संचालक मंडळाच्या इतिवृत्तात मला एकही विरोधी मत दिसलेलं नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. आणि म्हणूनच निकालात जे न्यायालय इतकं उघडं वागतं, त्याने निवडीत बंद राहावं, याचा मला त्रास होतो. परका असता तर इतका झाला नसता.

नक्कल मला मिळाली. त्या मुलाची नोंद सापडली की नाही ते कळलं नाही, मी बाहेर आले तेव्हा तो आतच होता. 20 फेब्रुवारी 2024 ला विधिमंडळाने पुन्हा 10 टक्क्यांचा कायदा केलाय, आणि तोही मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेलाय. निकाल कसाही लागो, हरलेली बाजू दिल्लीला जाणारच. तिथे पुन्हा पाच जण बसतील, कदाचित नऊ. सर्वोच्च न्यायालयात 65 व्या वर्षी निवृत्ती, त्यामुळे तोवर आजच्यांपैकी बरेच गेलेले असतील. त्या दिवशी त्या बाकावर जे बसतील, त्यांच्यातले काही अजून निवडलेच गेलेले नाहीत. त्यांची नावं येत्या काही महिन्यांत त्या पाच जणांपुढे येतील, आणि कुणाला का घेतलं हे लिहायचं की नाही, हे तेव्हा ठरेल.